हरवलेल्या किल्लीचा भुर्दंड

जुनी मोटार विकत घेणारा माणूस काय काय पाहतो? रंग पाहतो, टायरांची झीज पाहतो, इंजिन सुरू करून धूर कोणत्या रंगाचा येतो ते पाहतो. आणि ओळखीचा एखादा मिस्त्री बरोबर असेल तर त्याला गाडीखाली वाकावयास लावतो. आरसी बुक, विम्याचा कागद, कर्जाचा बोजा उतरल्याचा बँकेचा दाखला या गोष्टीही हल्ली आवर्जून तपासल्या जातात. एक वस्तू मात्र सहसा कोणी मागत नाही, कारण अशी काही वस्तू असते हेच बहुतेकांना ठाऊक नसते. ती वस्तू म्हणजे चाकांच्या कुलुपाची किल्ली.

किल्ली हा शब्द येथे किंचित फसवा आहे. दाराच्या किंवा इंजिनाच्या किल्लीशी तिचे काही साम्य नाही. ती बोटभर लांबीची पोलादी नळी असते. एका तोंडाला नेहमीचा व्हील पाना बसेल असा षट्कोनी आकार, दुसऱ्या तोंडाला विशिष्ट खाचा. प्रत्येक चाकाच्या चार-पाच नटांपैकी एक नट असा बसविलेला असतो की, त्याच्या डोक्याला षट्कोन नसतोच. असते ती या खाचांशी जुळणारी नक्षी. किल्ली नटावर बसवावी, किल्लीवर पाना चढवावा आणि नट फिरवावा, एवढीच युक्ती. परंतु किल्ली नसेल तर उरलेले सर्व नट सुटले तरी चाक जागचे हलत नाही. जॅक आहे, डिकीत हवा भरलेली स्टेपनी आहे, मदतीला चार माणसे आहेत, तरीही सारे व्यर्थ! (स्टेपनी हा शब्दही गमतीचाच. वेल्समधील लानेली या गावी स्टेपनी नावाच्या रस्त्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी जादा चाक बनविण्याचा धंदा निघाला, त्यावरून तो आला. खुद्द इंग्रज तो शब्द विसरले. आपल्याकडील पंक्चरवाल्याने मात्र तो जपून ठेवला.)

समजा, साताऱ्याकडील एका माध्यमिक शिक्षकाने शिक्षकांच्या पतपेढीचे कर्ज काढून सात-आठ वर्षे वापरलेली, अलॉयच्या देखण्या चाकांची मोटार घेतली. दोन-तीन महिने ती उत्तम चालली. मग एका रात्री कुटुंबासह पुण्याहून परतताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे टायर कडेला फाटला. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला असता तर चाक न काढताही दोरी भरून काम भागले असते. पण कडेला फाटलेल्या टायरला तो उपाय नाही. पंक्चरवाला आला, त्याने चार नट सोडविले आणि पाचव्यापाशी थांबून विचारले, “साहेब, याची चावी?” हा प्रश्नच शिक्षकाने जन्मात प्रथम ऐकलेला असतो. पुढचा क्रम सांगावयास नकोच. उचलगाडी मागवावी लागते, रात्रीचा दर द्यावा लागतो, मुक्काम पडतो. आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये छिन्नी-हातोड्याने नट निघतो तोवर देखण्या चाकावर कायमचा ओरखडा उमटलेला असतो. नवी किल्ली वेळेवर मागविली असती तर तिला टायरच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक रक्कम पडली असती. ती नसल्याचा खर्च मात्र टायरच्या किमतीला सहज मागे टाकतो.

ही तक्रार किरकोळ आहे, अग्रलेखाच्या पानावर तिचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या देशात आज नव्या मोटारींपेक्षा जुन्या मोटारींचे व्यवहार अधिक होतात, असा या धंद्यातील लोकांचाच अंदाज आहे. शिक्षक, कारकून, लहान दुकानदार यांच्या घरी येणारी पहिली मोटार बहुधा दुसऱ्याने वापरलेलीच असते. तिच्यासाठीच्या कर्जावर व्याजाचा दरही नव्या मोटारीपेक्षा चढा असतो. अशा बाजारात कोणाच्या निष्काळजीपणाचा भुर्दंड कोणावर पडतो, हा प्रश्न एका नटापुरता राहत नाही.

कुलूप कोणासाठी?

मागच्या पिढीला ही अडचण ठाऊक नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी असो की उत्तरपाड्याची अँबॅसॅडर असो, त्यांची चाके साध्या पोलादी पत्र्याची होती आणि कोणत्याही गावच्या कोणत्याही गॅरेजातील पान्याने ती निघत. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० चीही तीच गोष्ट. त्या काळी मोटार मिळणे दुर्मीळ होते, पण मिळालेली मोटार दुरुस्त करणे कोणा एकाच्या हाती नव्हते. ज्ञान आणि हत्यारे दोन्ही रस्त्यावर सांडलेली होती. चाक चोरून फारसे काही हाती लागत नसे; चोराची मजल व्हील कपापर्यंत.

पुढे मिश्रधातूची चाके आली, त्यांची किंमत आली आणि त्या किमतीबरोबर चोरही आला. मोटारीच्या सांगाड्यावर चासी क्रमांक कोरलेला असतो, इंजिनावर इंजिनाचा क्रमांक असतो. हे दोन्ही क्रमांक सरकारी दप्तरात नोंदलेले असतात. चाक मात्र बेवारस. ते एका मोटारीवरून उतरून दुसरीवर चढले की, ते कोणाचे होते हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पहाटे सोसायटीच्या आवारात उतरावे तो मोटार विटांच्या थप्पीवर उभी आणि चारही चाके नाहीशी, अशा बातम्या मोठ्या शहरांतील वाचकांना अपरिचित नाहीत. कुलपी नट ही त्यावरची तोड. काही मोटारींना तो कारखान्यातूनच येतो, काहींना विक्रेता ‘अ‍ॅक्सेसरी’ म्हणून बसवून देतो. युरोप-अमेरिकेत तर ती सर्वसामान्य गोष्ट आहे.

आता या कुलुपाने चोरी थांबते काय? चोराचा वेळ वाढतो, हे खरे. चोराच्या धंद्यात वेळ हाच मुख्य खर्च असल्याने तो कुलूप पाहून पुढे जातो. पण पुढे जातो म्हणजे शेजाऱ्याच्या बिनकुलपी मोटारीकडे जातो. इयन एअर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ साली मोटारचोरीविरोधी साधनांचा अभ्यास करताना नेमका हा भेद मांडला. जे साधन बाहेरून दिसत नाही, त्यामुळे साऱ्याच मोटारींना संरक्षण मिळते, कारण चोराला कोणतीच मोटार निर्धोक वाटत नाही. जे साधन दिसते, ते संकट बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या दारी लोटते. कुलपी नट हा या दुसऱ्या जातीचा. शिवाय सराईत चोरासाठी तो कुलूपही नव्हे. उलट्या आट्यांचे एक सॉकेट बाजारात मिळते. ते नटावर ठोकून बसविले आणि डावीकडे फिरविले की, जसजसा जोर द्यावा तसतसे त्याचे आटे नटाच्या डोक्यात रुततात आणि नट सुटतो. गॅरेजवाला किल्ली हरवलेल्या गिऱ्हाइकासाठी जे हत्यार वापरतो तेच चोरही वापरू शकतो. फरक एवढाच की, चोराला चाकावर ओरखडा पडण्याची फारशी धास्ती नसते.

थोडक्यात, कुलूप भुरट्याला अडविते, सराईताला फार तर थोडा उशीर करते आणि किल्ली हरवली की मालकाला पुरते जखडून टाकते. तरीही कुलूप वाईट असे म्हणण्याचे कारण नाही. भुरटे चोर सराईतांपेक्षा अधिक असतात. दोष कुलपाचा नसून, किल्लीची जबाबदारी कोणाची हे कोठेही न लिहिण्याचा आहे.

किल्ली हरवते कशी?

ती बहुधा मालकाच्या हातून हरवतच नाही, कारण ती त्याच्या हाती कधी आलेलीच नसते. नवी मोटार घेताना ती डिकीतील स्टेपनीखालच्या खणात, हत्यारांच्या पिशवीत ठेवलेली असते. सोबत सांकेतिक क्रमांकाचे एक लहान कार्ड असते. पहिला मालक स्वतः चाक काढीत नाही. टायरच्या दुकानात तो किल्ल्यांचा जुडगा देऊन वर्तमानपत्र वाचीत बसतो. दुकानातील पोऱ्या डिकी उघडतो, किल्ली शोधतो, ती हवेच्या बंदुकीला लावून चार नट सोडवितो, टायर बदलून पुन्हा आवळतो आणि पुढच्या मोटारीकडे वळतो. किल्ली बंदुकीच्या तोंडाला किंवा शेवटच्या नटावर तशीच राहते. पुष्कळदा तर बंदुकीच्या धक्क्याने तिच्या खाचाच तुटतात आणि तुटलेली किल्ली मुकाट्याने भंगारात जाते. (कुलपी नट हाताच्या पान्यानेच सोडवावा व आवळावा, हा नियम जाणकार सांगतात; गर्दीच्या वेळी तो पाळण्याइतकी सवड दुकानात असते कोठे?) त्यानंतर मोटार शोरूममध्ये बदलीत जाते, तेथून लिलावात, लिलावातून जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याकडे आणि शेवटी नव्या मालकाकडे. चार हात बदलले. पण किल्ली आहे की नाही, हे एकालाही माहीत नाही.

या ठिकाणी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जॉर्ज अकरलॉफ यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन त्यांनी १९७० साली लिहिलेला निबंध आज जगभर शिकविला जातो. तीन नियतकालिकांनी तो परत पाठविला होता आणि त्याच निबंधाच्या बळावर २००१ साली मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अकरलॉफ १९६७-६८ मध्ये भारतात राहिले होते आणि निबंधातही आपल्याकडील सावकारी व मॅनेजिंग एजन्सी यांची उदाहरणे आहेत, ही गोष्ट आपल्या वर्गांतून फारशी सांगितली जात नाही. निबंधाचा गाभा सोपा आहे. मोटार चांगली की खराब हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी किमतीपलीकडे जात नाही. त्या किमतीत चांगल्या मोटारीचा मालक विकावयास तयार होत नाही. आणि बाजारात उत्तरोत्तर खराब मालच उरतो.

परंतु हरवलेल्या किल्लीचे प्रकरण या चौकटीत पूर्णपणे बसत नाही. येथे विकणारा काही लपवीत नाही. तोही अज्ञानीच असतो. अकरलॉफ यांच्या बाजारात एका बाजूला ज्ञान आणि दुसऱ्या बाजूला अज्ञान. या बाजारात दोन्ही बाजूंना अज्ञान, आणि तेही स्वखुशीचे! डिकी उघडून पाहावयास दोन मिनिटे पुरतात. तरी व्यापारी ती उघडीत नाही, कारण पाहिले आणि किल्ली नसली तर ती मागविण्याचा खर्च त्याच्या गळ्यात पडेल; न पाहिल्यास तोच खर्च काही महिन्यांनी, दूर कोठेतरी, एका अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणार असतो. अज्ञान जेव्हा ज्ञानापेक्षा स्वस्त पडते, तेव्हा बाजार अज्ञानाचाच साठा करतो. स्पर्धेने हा दोष आपोआप नाहीसा होईल, असे मानणाऱ्यांनी एवढेच सांगावे की, ज्या वस्तूचे अस्तित्वच गिऱ्हाइकाला माहीत नाही, तिच्यासाठी ते एका व्यापाऱ्याला सोडून दुसऱ्याकडे जाणार तरी कसे?

अकरलॉफ यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १९७० मध्ये, ग्विडो कॅलब्रेझी या कायदेपंडिताचा अपघातांच्या खर्चाविषयीचा ग्रंथ निघाला. नुकसान जो सर्वांत कमी खर्चात टाळू शकतो त्याच्यावर त्याची जबाबदारी टाकावी, हे त्यातील एक सूत्र. या कसोटीवर उत्तर स्पष्ट आहे. पहिल्या मालकाला किल्लीचे महत्त्व कळत नाही. शेवटच्या मालकाला ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो. मधला व्यापारी असा एकच आहे की, जो मोटार उचलून तपासतो, ज्याच्याकडे हत्यारे व माणसे आहेत आणि जो अशा शेकडो मोटारी हाताळतो. शंभर-दोनशे मुद्द्यांची तपासणी केल्याच्या जाहिराती हाच व्यापारी देतो. त्या मुद्द्यांत गाडीतील वास आणि आसनांची शिवण यांना जागा मिळते. मग चाक निघते की नाही, या मुद्द्याला का मिळू नये?

कायद्याची नजर कागदावर

आपला कायदा या व्यवहाराकडे पाहतो तो कागदापुरता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मालकी बदलल्याची सूचना विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ठराविक मुदतीत परिवहन कार्यालयास द्यावयाची असते. त्यासाठी २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने आहेत. ही नोंद किती महत्त्वाची, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील एका निर्णयाने दाखवून दिले. मोटार विकली, पण नोंद बदलली नाही, तर अपघाताच्या भरपाईसाठी दप्तरी असलेला जुना मालकच जबाबदार, असा तो निर्णय. २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांना प्रथमच अधिकृत नोंदणीच्या कक्षेत आणण्यात आले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते नियम अमलात आले. मोटार व्यापाऱ्याच्या ताब्यात असताना जबाबदारी त्याची, ती कोठे फिरली याची नोंद त्याने ठेवावयाची, अशी व्यवस्था झाली. ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह आहे. मात्र व्यापाऱ्याने मोटारीसोबत काय काय सुपूर्द केले, याची साधी यादी गिऱ्हाइकाला लेखी देण्याचे बंधन त्या दुरुस्तीने घातलेले नाही.

याच्या जोडीला कराचाही विचार करावा. २०२४ च्या डिसेंबरात जैसलमेर येथे झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत व्यापाऱ्याने विकलेल्या सर्व प्रकारच्या जुन्या मोटारींसाठी १८ टक्के असा एकसारखा दर ठरला. हा कर पूर्ण किमतीवर नसून खरेदी-विक्रीच्या फरकावर आहे. व्यापारी हा फरक कशाच्या बळावर घेतो? मोटार पारखली, साफ केली, तिची हमी दिली, म्हणून. म्हणजे पारख ही त्याने विकलेली सेवा होय, आणि सरकार तिच्यातून आपला वाटा घेते. मग त्या सेवेचा किमान दर्जा कोणता, हे विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला का नसावा? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा व प्रमाण यांची माहिती मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. हा हक्क व्यापाऱ्याविरुद्ध उपयोगी पडतो. एका खासगी माणसाने दुसऱ्याला विकलेल्या मोटारीला तो सहसा लागू होत नाही, आणि तेथे १९३० च्या वस्तुविक्री कायद्यातील ‘घेणाऱ्याने सावध असावे’ हेच तत्त्व बहुतांशी उरते.

अमेरिकेचा या बाबतीतला अनुभव बोधप्रद आहे. तेथील संघीय व्यापार आयोगाने १९८१ साली असा नियम केला होता की, जुन्या मोटारीतील जे दोष विक्रेत्याला ठाऊक असतील ते त्याने काचेवर चिकटविलेल्या पत्रकात लिहावेत. विक्रेत्यांनी जोर लावला आणि १९८२ मध्ये काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी तो नियम हाणून पाडला. पुढे अशा नकाराधिकाराची घटनात्मकताच न्यायालयात टिकली नाही; परंतु १९८४ साली आयोगाने नवा नियम केला तेव्हा ज्ञात दोष लिहिण्याची अट त्यातून गळून पडली होती. हमी आहे की नाही, एवढे सांगणारे पत्रक उरले. यातून दोन गोष्टी दिसतात. एक, छोट्या व्यापाऱ्यांची संघटित शक्ती असंघटित गिऱ्हाइकांवर मात करते. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. ‘ठाऊक असलेला दोष’ लिहावयास सांगितले की, ठाऊक करून न घेण्यातच विक्रेत्याचे हित निर्माण होते. म्हणून आपल्याकडे नियम करावयाचा तर तो दोषांचा नको, वस्तूंचा हवा. जॅक, व्हील पाना, स्टेपनी, इंजिनाची दुसरी चावी, चाकाच्या कुलुपाची किल्ली: प्रत्येकापुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’. ‘नाही’ लिहिण्यास हरकत नाही. त्याप्रमाणे किंमत ठरेल. कोरी जागा मात्र सोडता येऊ नये.

हे केवळ व्यापाऱ्यापुरते नाही. कुलपाचा सांकेतिक क्रमांक मोटार बनविणारी कंपनी किंवा तिचा वितरक चासी क्रमांकासमोर आपल्या नोंदीत ठेवू शकतो; मोटारीची प्रत्येक सर्व्हिसिंग ज्या संगणकात जाते, त्यात आणखी चार अक्षरे सहज मावतील. ती ठेवली आणि आरसी बुक दाखविणाऱ्या कोणत्याही पुढच्या मालकाला वाजवी दरात किल्ली दिली, तर प्रश्नाचा मोठा भाग संपतो. अडचण अशी की, सुटे भाग आणि दुरुस्तीची हत्यारे आपल्याच दुकानात कोंडून ठेवण्याकडे कंपन्यांचा कल असतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ मोटार कंपन्यांना याच कारणासाठी एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता; स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग व तपासणीची साधने मिळू न देणे, हा ठपका. पुढे ते प्रकरण अपिलांच्या फेऱ्यात सापडले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि ज्या चार क्षेत्रांचा प्रथम विचार करण्याचे ठरविले, त्यांत मोटारी होत्या. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहकदिनी, या हक्काविषयीचे संकेतस्थळही सुरू झाले. तथापि संकेतस्थळावर माहिती घालणे आणि हक्क देणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर कायदाच कापू शकतो.

एक आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो गैर नाही. किल्ली इतक्या सहजपणे मिळू लागली तर चोरालाही ती मिळेल. परंतु एकेका बनावटीच्या कुलपांत नक्षीचे नमुने मर्यादितच असतात. म्हणूनच वितरकाकडे साऱ्या नमुन्यांचा संच ठेवता येतो आणि एकेक लावून पाहता येतो. चोराला असा संच जमविण्याची गरजच नाही, त्याचे उलट्या आट्यांचे सॉकेट त्याला पुरते. कागदपत्रे दाखवून, पावती घेऊन, काउंटरवर उभे राहून किल्ली मागणारा माणूस चोर असण्याचा संभव कितपत?

आणखी एक बदल या प्रश्नाला अधिक आडवळणाचे करणार आहे. २०२० साली केंद्राने नियम बदलून, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनी न ठेवण्याची मुभा दिली. इंधन व जागा यांच्या दृष्टीने ते योग्यच. पण स्टेपनी नाही म्हणजे मालक स्वतः चाक काढण्याचा प्रसंगही नाही. आणि प्रसंग नाही म्हणजे किल्ली नसल्याचे आणखी उशिरा, बहुधा तिसऱ्या-चौथ्या मालकाला कळणार. मोटार जितकी जुनी, तितका तिचा मालक सामान्यतः कमी मिळकतीचा. नुकसान या उतारावरून खाली घरंगळत जाते ते असे.

नियम होतील तेव्हा होतील. तोवर जुनी मोटार घेणाऱ्याने शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एका चाकाचे सगळे नट आपल्यासमोर सोडवून दाखविण्याची मागणी करावी. ती करण्यात भीड बाळगण्याचे कारण नाही. मोटार आधीच दारात उभी असेल आणि नटांपैकी एकाचे डोके वेगळे दिसत असेल, तर स्टेपनीखालचा खण, हातमोज्यांचा कप्पा, दोन आसनांमधली पेटी आणि आसनांखालची जागा या क्रमाने शोध घ्यावा. सांकेतिक क्रमांकाचे कार्ड पुष्कळदा मोटारीच्या माहितीपुस्तकात खोचलेले सापडते. नाहीच मिळाले, तर आरसी बुक घेऊन वितरकाकडे जावे आणि त्याच्या संचातून नमुना ओळखून घ्यावा. तोही मार्ग खुंटला तर भरवशाच्या टायरवाल्याकडून, दिवसाढवळ्या, चारही कुलपी नट काढून घ्यावेत. वेल्डिंगचा मार्ग शेवटचा. त्या उष्णतेने चाक आणि टायर दोन्ही दुखावतात. काही कुलपांवर मोकळे फिरणारे टोपण असते, तेथे ठोकून बसविलेले सॉकेट नुसतेच फिरत राहते. अशा नटावर जोर करणाऱ्या पोऱ्याला वेळीच थांबवावे. काढलेल्या नटांच्या जागी साधे नट बसविताना आटे जुळतात एवढे पाहून चालत नाही. नटाची बूड चाकाच्या खोबणीत नीट बसली पाहिजे. काही चाकांना ती निमुळती लागते, काहींना गोलाकार, आणि चुकीची बसली तर नट धावत्या गाडीत सैल होतो. पावसाळ्यापूर्वी टायर बदलावयाचे असतील, तर हे काम त्याच फेरीत उरकते आणि मजुरी वेगळी पडत नाही.